जिमी यान्सी : ना गुरू, ना मैफली, तरीही बूगी-वूगीवर एवढा प्रभाव कसा?

पेटीवाला (उदगीर)

सर्वांना नमस्कार. मी उदगीरजवळच्या एका गावातील भजनी मंडळात पेटी वाजवतो. रीतसर तालीम कोणाकडे झाली नाही. सप्ताहात थोरांच्या शेजारी बसून, त्यांच्या बोटांकडे पाहून आणि ऐकलेले पुन्हा पुन्हा घोकून जे हाती आले तेच माझे शिक्षण. अलीकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीय पियानोवादकांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्याचा नाद लागला असून त्यांपैकी शिकागोच्या जिमी यान्सी यांनी मला धरून ठेवले आहे. त्यांच्याविषयी जे त्रोटक वाचायला मिळते त्यात काही गोष्टी हमखास सांगितल्या जातात: ते आपले आपणच पियानो शिकले, पंचवीस वर्षे त्यांनी बेसबॉलच्या एका मैदानाची निगा राखण्याची नोकरी केली, आणि तरीही बूगी-वूगी (डाव्या हाताची एकच आकृती सतत फिरवत ठेवणारी पियानोची शैली) वाजवणारे नामांकित वादक त्यांना वडीलधाऱ्याचा मान देत.

या गोष्टींचा मेळ मला लागत नाही. ज्यांनी मैफली गाजवल्या नाहीत, ज्यांची पहिली तबकडी चाळिशीच्या सुमारास निघाली, त्यांचा प्रभाव इतरांपर्यंत पोहोचला तरी कोणत्या वाटेने? आपल्याकडे असा माणूस गावापुरता नावाजला जातो आणि त्याच्यामागे नावही उरत नाही.

दुसरा प्रश्न वादनाचा आहे. पेटीवर आमचा डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्या हाताने सूर वाजवण्याचा विचारच कधी मनात येत नाही. यान्सी यांच्या वादनात मात्र खरे काम डावा हातच करतो आणि उजवा हात त्याच्याशी अधूनमधून बोलतो, असे मला ऐकू येते. हे माझ्या कानाचे म्हणणे कितपत बरोबर आहे, हे जाणकारांनी सांगावे. मी एक जुना कीबोर्ड घेतला आहे. तेव्हा उत्तर हाताला उपयोगी पडेल असे मिळाले तर फार बरे होईल.

जुनी तबकडी (छत्रपती संभाजीनगर)

दादा, मेळ लागत नाही याचे कारण आपण यान्सी यांना तबकड्यांच्या बाजूने पाहत आहात, आणि आज आपल्या सर्वांना त्याच बाजूने पाहावे लागते. त्यांच्या प्रभावाचा काळ मात्र तबकड्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोत झाला. वडील वॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणे, नाच आणि नकला यांच्या फिरत्या कार्यक्रमांत, गात आणि गिटार वाजवीत. जिमीही अगदी लहानपणापासून त्याच कार्यक्रमांत गाऊ आणि नाचू लागले. बुटांच्या टाचांनी आणि चवड्यांनी ताल धरणारा टॅप नाच ही त्यांची खासियत होती. अमेरिकेत आणि युरोपात त्यांचे दौरे झाले. १९१३ मध्ये लंडनच्या राजवाड्यात पंचम जॉर्ज यांच्यासमोर त्यांनी कला सादर केली असे सांगितले जाते. पियानोकडे ते वळले ते ही फिरती संपवून शिकागोत परतल्यावर. त्यांच्या वादनाचा विचार करताना ही नाचाची पार्श्वभूमी फारशी कोणी लक्षात घेत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या पायांत ताल आधीच पक्का बसलेला आहे, त्याने तो बोटांत उतरवणे आणि ज्याला ताल पहिल्यांदा बोटांनीच शिकावा लागतो त्याने तो शिकणे, या दोहोंत मोठे अंतर असते. १९१५ च्या सुमारास शहरातील वादकांना त्यांचे नाव माहीत झाले होते.

आता प्रभावाच्या वाटेविषयी. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिणेतील कापसाच्या पट्ट्यातून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी शिकागोत आली आणि शहराच्या दक्षिण भागात दाटीवाटीने राहू लागली. त्यांना इतरत्र घरे मिळत नसत, त्यामुळे त्या भागातील घरमालक वाटेल तेवढे भाडे मागत. भाड्याची तारीख जवळ आली की एखादे कुटुंब आपल्याच खोल्यांत रात्रीची बैठक ठेवी. दारात नाममात्र पैसे घ्यायचे, आत जेवण आणि दारू विकायची, कोपऱ्यातल्या पियानोवर कोणीतरी पहाटेपर्यंत वाजवायचे, आणि जमलेल्या पैशातून भाडे भागवायचे. वादकाला जेवण, पेला आणि जमल्यास चार नाणी मिळत. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे अशा घरगुती बैठकींना आणखी जोर आला. यान्सी या बैठकींतले वादक होते. एका वादकाने उठायचे, दुसऱ्याने बसायचे आणि तिसऱ्याने शेजारी उभे राहून डाव्या हाताकडे टक लावून पाहायचे, अशी ती पद्धत होती. आपण सप्ताहात जे केले त्यापेक्षा ती फार निराळी नव्हती.

याच बैठकींत मीड लक्स लुइस आणि अल्बर्ट अमन्स हे दोन तरुण त्यांना ऐकून तयार झाले. दोघेही उमेदवारीच्या काळात टॅक्सी चालवीत. काही काळ ते ज्या इमारतीत राहत होते तिथेच पाइनटॉप स्मिथ हे तिसरे वादकही राहायला आले. त्यांनी १९२८ च्या डिसेंबरात केलेल्या मुद्रणामुळे ‘बूगी-वूगी’ हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे अडीच महिन्यांतच एका नाचघरातील भांडणात गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. मग आर्थिक मंदी आली आणि सगळेच थंडावले. १९३५ मध्ये जॉन हॅमंड या निर्मात्याने लुइस यांना शोधून काढले तेव्हा ते गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करीत होते. पुढच्याच वर्षी लुइस यांनी ‘यान्सी स्पेशल’ ही रचना मुद्रित केली आणि बूगी-वूगीची लाट यायच्या आधीच आपल्या वडीलधाऱ्याचे नाव तबकडीवर घातले. १९३८ मध्ये बॉब क्रॉस्बी यांच्या वाद्यवृंदाने तीच रचना वाजवली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जो प्रसिद्ध कार्यक्रम झाला त्यात लुइस, अमन्स आणि कॅन्सस सिटीचे पीट जॉन्सन यांनी बूगी-वूगी प्रथमच अशा व्यासपीठावर नेली. दोनच आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ रोजी, ब्लू नोट कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण झाले तेही लुइस आणि अमन्स यांचेच.

यान्सी यांपैकी कोठेही नव्हते. त्यांचे स्वतःचे पहिले मुद्रण १९३९ मध्ये सोलो आर्ट या छोट्या कंपनीसाठी झाले, आणि त्या कंपनीचे मालक डॅन क्वेली हे मद्यालयात काम करणारे गृहस्थ होते. शिष्य आधी गाजले आणि त्यांच्यामुळे लोकांनी गुरूचा पत्ता विचारला, असा हा उलटा क्रम आहे.

गोदाकाठ (नांदेड)

जुनी तबकडी यांनी सविस्तर लिहिले आहे, तरीही ‘आपले आपणच शिकले’ या विधानाविषयी थोडी भर घालावीशी वाटते. यान्सी यांचे बंधू अलॉन्झो हे स्वतः रॅगटाइम या जुन्या अमेरिकी पियानोशैलीचे वादक होते, त्यामुळे घरात पियानो कानावर पडत होता आणि बोटे कशी पडतात हे डोळ्यांसमोर होते. कोणी समोर बसवून धडे दिले नाहीत आणि कागदावरचे संगीत वाचणे हा त्या परंपरेचा भागच नव्हता, एवढ्या अर्थाने ते विधान खरे आहे. त्यापलीकडे जाऊन ‘कोणाकडूनही काहीही न घेता’ असे चित्र रंगवणारे लेख मला पटत नाहीत. १९२२ मध्ये शिकागोत छापल्या गेलेल्या जॉर्ज आणि हर्सल थॉमस या बंधूंच्या ‘द फाइव्ह्ज’ या रचनेचा त्या काळातील सर्वच वादकांवर ठसा होता, आणि यान्सी यांच्या पहिल्या मुद्रणातील एका तुकड्याचे नावही ‘द फाइव्ह्ज’ असेच आहे. घेणे-देणे सर्व बाजूंनी चालू होते.

मला जी गोष्ट खरोखर विलक्षण वाटते ती वेगळी आहे. सर्वजण एकाच तळ्यातले पाणी पीत असताना यान्सी यांचे वादन मात्र चार सुरांत ओळखू येते. धडे नसल्यामुळे हे घडले असे मी म्हणणार नाही, कारण धडे न घेतलेले आणि तरीही दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारे वादक त्या काळातही पुष्कळ होते. परंतु पोट पियानोवर अवलंबून नसल्यामुळे नाचणाऱ्यांच्या फर्माइशीप्रमाणे लय वाढवण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती, याचा या वेगळेपणाशी संबंध असावा असे माझे मत आहे.

काळी पाच (अंबाजोगाई)

डाव्या हाताविषयी मी लिहितो. मी अंबाजोगाईत मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवतो; पट्ट्यांची भाषा आपणा दोघांची एकच असल्याने तीच वापरतो. पांढरी एक, म्हणजे सप्तकातील पहिली पांढरी पट्टी, हा षड्ज धरावा.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गाण्याची परंपरा, बूगी-वूगी तिच्यावरच उभी आहे. तिचा नेहमीचा साचा बारा बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) असतो आणि एका बारात चार मात्रा असतात, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा होतात. आपण त्यांना त्रितालाची तीन आवर्तने समजलो तर हिशेब फार सोपा होतो. पहिले संपूर्ण आवर्तन षड्जावर राहायचे. दुसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या आठ मात्रा मध्यमावर, म्हणजे पांढरी चारवर, आणि उरलेल्या आठ पुन्हा षड्जावर. तिसऱ्यात चार मात्रा पंचमावर, चार मध्यमावर आणि शेवटच्या आठ षड्जावर. ‘षड्जावर राहायचे’ म्हणजे तो सूर, त्याचा गंधार आणि त्याचा पंचम यांचा समूह पायाशी धरायचा. मध्यमावर गेल्यावर हाच समूह मध्यमापासून उभारायचा. गाणाऱ्याच्या ओळीही याच तीन आवर्तनांत बसतात: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. हा साचा रात्रभर फिरत राहतो.

बूगी-वूगीत डावा हात प्रत्येक मात्रेला दोन, म्हणजे एका बारात आठ आघात करतो. ते समसमान नसतात. मात्रेचे तीन भाग कल्पून पहिला आघात दोन भागांचा आणि दुसरा एका भागाचा ठेवला की ती हेलकावत चालणारी लय मिळते. तबलजींना तिस्र जाती म्हटले की हे चटकन कळेल. डाव्या हातातील आकृती एकदा ठरली की ती सहसा बदलत नाही, फक्त षड्जावरून मध्यमावर आणि पंचमावर उचलून ठेवली जाते. तबल्याच्या एकलवादनात आपण जसा लेहरा धरतो तसे हे काम आहे, फरक इतकाच की येथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा एकच माणूस असतो. आपल्या कानाने जे सांगितले ते त्यामुळे अगदी बरोबर आहे.

यान्सी यांचे वैशिष्ट्य असे की ते बहुतेक वेळा हे आठही आघात भरत नाहीत. अमन्स यांचा डावा हात गिरणीच्या पट्ट्यासारखा अखंड धावतो. यान्सी मधल्या जागा रिकाम्या सोडतात. त्यांच्या अनेक रचनांत क्यूबाकडून आलेल्या हबानेरा या ठेक्याची छाया आहे, ज्यात पहिला ठोका लांबवून पुढचा आघात उशिराने येतो आणि मग उरलेले दोन सरळ पडतात. भजनी ठेक्यात हात मुरलेल्या माणसाला तो हेलकावा परका वाटू नये. लय बहुधा मध्यम किंवा संथ, आणि सुरावरचा आघातही हळुवार असतो. उजव्या हाताकडे फार पल्लेदार ताना नाहीत. छोटे वाक्य, तेच थोडे सरकवून पुन्हा, मध्ये एखादा सूर नुसताच टोचत राहणे, एवढ्यावरच ते पूर्ण तुकडा उभा करतात. ब्लूजचे हळवे सूर म्हणजे आपले कोमल गंधार आणि कोमल निषाद. कधी तीव्र मध्यमही येतो. गाणारा कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधली जागा गळ्याने घेतो. पियानोला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, शक्य नाही, म्हणून वादक काळी दोनवरून बोट पांढरी तीनवर घसरवतो आणि दोन्ही सूर क्षणभर एकमेकांना घासतात. मींड नसल्याच्या याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या पेटीला बाहेर ठेवले होते, हे यानिमित्ताने आठवले. यान्सी मात्र त्याच उणिवेतून आपला सूर काढतात.

एक गंमत सांगतो. तुकडा कोणत्याही षड्जाचा असो, यान्सी तो संपवताना अखेरच्या क्षणी इ फ्लॅटवर, म्हणजे आपल्या काळी दोनवर, उडी मारतात. पांढरी एकमध्ये वाजवलेला तुकडा कोमल गंधाराच्या समूहावर संपतो, आणि ऐकणारा दचकतो. ही त्यांची सही आहे. लुइस आणि अमन्स यांनी त्यांच्याकडून पुष्कळ उचलले.

हे सर्व पेटीवर वाजवून पाहण्याचा मोह होईल, तो आवरावा. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे राहतात, पण पेटीचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत सारखाच वाजत राहतो, तर पियानोत हातोडी तारेवर पडून सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. बूगीचा ठोका त्या विरण्यातच आहे. खर्जाच्या सप्तकात पेटीवर तीच आकृती वाजवली तर नुसता गलबला होतो.

सोळा मात्रा (परभणी)

वरील चर्चा वाचून काल रात्री यान्सी यांचे आठ-दहा तुकडे सलग ऐकले. स्पष्ट लिहितो, राग नसावा. दोन तुकड्यांनंतर मला ते एकसारखे वाटू लागले. तोच साचा, तीच चाल, तेच शेवटचे वळण. लुइस यांचा आगगाडीवरचा ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ हा तुकडा ऐकला तर त्यात रुळांचे सांधे, शिट्टी, वेग असे सगळे आहे. मनमाड-काचीगुडा मीटरगेजने प्रवास केलेल्या माणसाला तो न समजावता कळेल. मग मोठे कोण मानायचे?

काळी पाच (अंबाजोगाई)

सोळा मात्रा, आपले निरीक्षण चुकीचे नाही. यान्सी यांचा आवाका मर्यादित होता. लुइस आणि अमन्स यांची बोटांची तयारी त्यांच्यापेक्षा वरची होती याविषयी दुमत होण्याचे कारण नाही, आणि नाचघरात हजार माणसे उभी असतील तर मीही अमन्स यांनाच बोलावीन. पण आठ-दहा तुकडे सलग ऐकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत आणि लोक एक बाजू ऐकून थांबत. एकच तुकडा घ्यावा, फक्त डाव्या हाताकडे लक्ष ठेवावे आणि किती वेळा अपेक्षित आघात आलाच नाही हे पाहावे. मग तोच पुन्हा उजव्या हातासाठी ऐकावा. डावा आणि उजवा एकमेकांच्या रिकाम्या जागेत कसे उतरतात हे ध्यानात आले की एकसारखेपणाची तक्रार बरीच कमी होते. निदान माझी झाली. यान्सी यांच्या पाठोपाठ अमन्स लावले तर ते आता मला घाईत वाटतात.

ओवी (गंगाखेड)

संगीताच्या तांत्रिक बाजूवर मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण मैदानावरच्या नोकरीचा उल्लेख वर नुसता ओझरता झाला आहे, म्हणून लिहिते. यान्सी १९२५ ते १९५० अशी पंचवीस वर्षे शिकागोच्या कॉमिस्की पार्क या मैदानावर व्हाइट सॉक्स संघाच्या सेवेत मैदानाची निगा राखण्याचे काम करीत होते. ते स्वतः तरुणपणी शिकागो ऑल-अमेरिकन्स या कृष्णवर्णीयांच्या संघातून बेसबॉल खेळले होते. ज्या गवताची ते मशागत करीत त्यावर व्हाइट सॉक्सकडून खेळण्याची मुभा त्यांच्या वर्णाच्या एकाही खेळाडूला त्या संपूर्ण काळात मिळाली नाही. प्रमुख लीगमधील ही भिंत जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या संघातून ओलांडली; व्हाइट सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, क्यूबाचे मिनी मिन्योसो, मैदानात उतरला तो १९५१ च्या मे महिन्यात, यान्सी यांची नोकरी संपल्यानंतर. मौज अशी की १९३३ पासून कृष्णवर्णीयांच्या लीगचा वार्षिक ईस्ट-वेस्ट सामना याच मैदानावर होई आणि त्याला प्रचंड गर्दी लोटे.

म्हणूनच ‘साधेपणाने आयुष्यभर माळीकाम केले’ अशा कौतुकाच्या सुरात त्यांच्या नोकरीविषयी लिहिले जाते ते मला खटकते. ज्या समाजाला घर, काम आणि मैदान या तिन्ही ठिकाणी कुंपण घातलेले होते त्यातील माणसासाठी दर आठवड्याला हमखास मिळणारा पगार ही साधेपणाची निवड नव्हती, तर शहाणपणाची होती. आपल्याकडे वस्त्यावस्त्यांतून भीमगीते गाणारे किती कलावंत दिवसा मजुरी आणि रात्री कार्यक्रम करीत आले आहेत, हे मराठवाड्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रभाव आणि मालकी यांविषयीही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. लुइस यांच्या ‘यान्सी स्पेशल’मधील डाव्या हाताची आकृती दुसऱ्या एका कंपनीच्या ‘लाँग गॉन’ या गाजलेल्या तबकडीत चोरली, असा दावा प्रकाशकांनी शिकागोच्या संघीय न्यायालयात केला. १९५० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. खर्जातील ती आकृती इतकी साधी आहे की तिच्यावर कोणाचा हक्क मानता येत नाही, असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेलही. परंतु ज्यांच्या नावाने ती रचना ओळखली जाते त्यांच्या हातचे सर्वांत मोलाचे जे होते ते कोणाच्याच मालकीचे नाही, असे त्यांच्या हयातीत ठरले.

आणि एस्टेल यान्सी यांना विसरू नये. त्या जिमी यांच्या पत्नी, ‘मामा यान्सी’ म्हणून प्रसिद्ध. घरच्या बैठकींत त्या गात. १९४३ मध्ये दोघांची मुद्रणे झाली, १९४८ मध्ये दोघे कार्नेगी हॉलमध्येही गेले. पतीनंतर पस्तीस वर्षे त्या जगल्या आणि उतारवयातही गात राहिल्या; ऐंशीच्या दशकात जर्मनीचे बूगी-वूगी वादक अ‍ॅक्सेल झ्विंगेनबर्गर यांनी त्यांच्यासोबत मुद्रणे केली. म्हणजे शिकागोच्या त्या खोल्यांतला सूर एका गृहिणीच्या गळ्यातून थेट पुढच्या पिढीतल्या युरोपीय वादकापर्यंत पोहोचला. त्यांचे निधन १९८६ मध्ये झाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ज्यांना प्रथमच पूर्वसुरी म्हणून मान दिला त्या रॉबर्ट जॉन्सन, जिमी रॉजर्स आणि जिमी यान्सी या तिघांची नावेही त्याच वर्षी घोषित झाली. यातले जिमी रॉजर्स म्हणजे लोकसंगीताच्या वळणाने गाणारे मिसिसिपीचे गायक, शिकागोचे गिटारवादक नव्हेत. नाव सारखे ऐकू येते म्हणून गोंधळ होतो.

पेटीवाला (उदगीर)

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काळी पाच सरांनी सांगितल्याप्रमाणे त्रितालाची तीन आवर्तने हातावर मोजत ऐकले आणि बारा बारांचा साचा एका संध्याकाळीच उलगडला. ओवीताईंनी लिहिलेले न्यायालयाचे प्रकरण कोठेही वाचले नव्हते.

आता अडचण हाताची आहे. डावा हात एकटा असताना आकृती नीट चालते, पण उजव्या हाताने एखादा सूर लावला की डावा त्याच्या मागे धावू लागतो आणि लय मोडते. इतकी वर्षे डाव्या हाताने फक्त हवा भरली, त्याचा हा परिणाम असावा. शिवाय माझ्या कीबोर्डवर पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाज सारखाच येतो. यावर काही उपाय आहे का, आणि यान्सी यांची कोणती मुद्रणे कोणत्या क्रमाने ऐकावीत?

काळी पाच (अंबाजोगाई)

दादा, कीबोर्डचे आधी सांगतो. आघाताच्या जोरानुसार आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या नसतील तर या शैलीत फार पुढे जाता येणार नाही, कारण आठ आघातांपैकी कोणता उचलायचा आणि कोणता दडवायचा यातच सर्व मजा आहे. काही कीबोर्डवर ही सोय असते, पण बंद ठेवलेली असते. आपल्या यंत्राच्या मांडणीत ‘टच’ नावाचा पर्याय आहे का ते पाहावे. नसेल तर साचा पाठ करण्यापुरता तोच वापरावा आणि पुढे जुना का होईना, पण टच असलेला घ्यावा. पट्ट्या एकसष्ट असल्या तरी सुरुवातीला चालतील. षड्ज बदलण्याचे बटण मात्र वापरू नये. यान्सी यांचा शेवट काळी दोनवर का दचकवतो हे बोटांना कळायचे असेल तर पट्ट्या खऱ्या जागी राहायला हव्यात.

हाताच्या अडचणीवर माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच गोष्ट करायला लावतो. डाव्या हाताची आकृती सुरू करून तोंडाने एखादा ओळखीचा अभंग म्हणायचा, किंवा शेजारच्याशी बोलायचे. बोलताना डावा हात अडखळत नसेल तरच उजवा हात पट्ट्यांवर ठेवायचा, आणि तोही पहिले काही दिवस आवर्तनाच्या समेवर एकच सूर लावण्यापुरता. मग दुसरा सूर समेच्या अलीकडे, तिसरा पलीकडे. यान्सी यांचा उजवा हात मुळातच मितभाषी असल्यामुळे ही वाट त्यांच्या शैलीला जवळची आहे. लय अर्थातच संथ ठेवावी. घाई केली की तिस्र जातीचा हेलकावा जातो आणि आघात समसमान पडू लागतात.

जुनी तबकडी (छत्रपती संभाजीनगर)

ऐकण्याचा क्रम मी सुचवतो. आधी १९३९ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी केलेली एकल मुद्रणे घ्यावीत. ‘यान्सी स्टॉम्प’ आणि ‘स्टेट स्ट्रीट स्पेशल’ या दोन तुकड्यांत त्यांची वेगवान आणि चालती अशी दोन्ही अंगे सापडतात. त्यानंतर लुइस यांचे १९३६ चे ‘यान्सी स्पेशल’ लावावे, म्हणजे शिष्याने काय घेतले आणि काय स्वतःचे घातले हे ऐकू येईल. मग १९४३ ची मुद्रणे, ज्यांत एस्टेलबाईंचा आवाज आहे. सर्वांत शेवटी जुलै १९५१ मध्ये अटलांटिक कंपनीसाठी झालेली बैठक. त्यात इस्रायल क्रॉस्बी हे डबल बासवर साथीला आहेत, त्यामुळे खर्जाची जबाबदारी वाटली गेली आहे आणि यान्सी यांचा डावा हात आणखीच मोकळा झाला आहे. त्या वेळी त्यांची प्रकृती मधुमेहाने खालावलेली होती आणि १७ सप्टेंबर १९५१ रोजी ते गेले. माझ्या मते संथ ब्लूजचे त्यांचे सर्वांत परिपक्व वादन याच बैठकीत आहे, तरीही आपण ते शेवटीच ऐकावे. आधीच्या मुद्रणांतील भरलेल्या जागा कानात बसल्याशिवाय येथे काय गाळले आहे ते ध्यानात येत नाही.